प्रकल्पवहीतला पाऊस

महाराष्ट्रात अकरावी-बारावी केलेल्या कुणालाही पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. मुखपृष्ठावर ताप मोजायची नळी तोंडात धरलेली पृथ्वी, आत अनुक्रमणिका, प्रस्तावना, विषयाचं महत्त्व, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निरीक्षणं, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ. पदवीला गेलं की तोच साचा पुन्हा भेटतो. अलीकडे या साच्यात एक विषय फार चालतो: 'हवामान बदलाविषयी लोकांची जाणीव, एक सर्वेक्षण'. चार-पाच जणांचा गट, वीस-पंचवीस प्रश्न, शंभर फॉर्म, संगणकावर काढलेल्या गोल आकृत्या आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष: लोकांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे, जनजागृती करणे गरजेचे आहे.

असे अनेक प्रकल्प मी वाचले आहेत. काही मनापासून केलेले असतात, काही आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात जन्मतात, पण निष्कर्ष बहुधा हाच. माझ्या मते तो बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे. मुलं गावोगावी, वाडीवस्तीवर जाऊन खरोखर मोलाचं काहीतरी ऐकतात. फॉर्ममध्ये त्याला जागा नसते, म्हणून ते तिथेच सोडून परत येतात.

या प्रकल्पांचं मूळ न्यायालयात आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर नोव्हेंबर 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा, असा आदेश दिला. तो प्रत्यक्षात यायला आणखी दशकभर गेलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांच्या पुढाकाराने पदवीसाठी एक समान अभ्यासक्रम आखला. आठ घटक, 50 तासिका. त्यातला शेवटचा घटक प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा, पाच तासांचा आणि 100 पैकी 25 गुणांचा. भरुचा पेशाने शल्यविशारद आणि वृत्तीने रानात रमणारे. नदी, टेकडी, तळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा विषय कळणार नाही, हा त्यामागचा आग्रह स्पष्ट दिसतो. आता नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळतात. म्हणजे दरवर्षी राज्यातली लाखो मुलं कधी ना कधी वही-पेन घेऊन लोकांसमोर उभी राहतात. एवढं मनुष्यबळ कुठल्याही संशोधन संस्थेकडे नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मे महिन्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी मी अशा एका गटाबरोबर फिरले. दुसऱ्या वर्षाची मुलं. परीक्षेच्या पॅडला फॉर्म लावलेले, प्रत्येकाच्या वाट्याला वीस. बी-बियाण्याच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे शेतकरी सावली धरून बसले होते. मुलीने नमस्कार केला आणि सातवा प्रश्न वाचला: हवामान बदलाबाबत आपण किती चिंतित आहात? अजिबात नाही, थोडे, मध्यम, बरेच, अत्यंत.

म्हातारबांनी पर्याय ऐकून घेतले. मग म्हणाले, "आमच्याकडं मूग-उडीद राहिला नाही बघ पोरी. मिरगात पेरलं की पोळ्याला नवा मूग घरात असायचा. आता मिरग कोरडाच जातो. जून सरता सरता पेरायचं, आन् शेंगा काढायच्या टायमाला पाऊस गाठतो. झाडावरच कोंब फुटतेत शेंगांला. मग कोण पेरतंय? सगळं सोयाबीन."

मुलीने सगळं शांतपणे ऐकलं आणि अदबीने विचारलं, "बाबा, मग 'बरेच' लिहू का?"

"लिही, काय लिहायचं ते."

तिने खूण केली आणि आठव्या प्रश्नाकडे वळली.

त्या उत्तरात काय काय होतं ते पाहा. पेरणीची वेळ होती, ती किती सरकली ते होतं. कमी दिवसांच्या पिकाला उशिरा पेरलेलं का सोसत नाही, याचं कारण होतं. काढणीच्या वेळचा पाऊस होता. एका गावाची पीकपद्धत का बदलली, याचा खुलासा होता. आणि घरच्या डाळीचं काय झालं असेल, याचीही खूण होती. कृषी विद्यापीठातला संशोधक यावर एक अख्खा अभ्यास उभा करील. फॉर्मवर उरली ती 'बरेच' या शब्दापुढची एक खूण, आणि पुढे ती गोल आकृतीतल्या निळ्या तुकड्यात विरघळून गेली.

थोडं पुढे भाजी विकणाऱ्या एका बाईंनी हात झटकून टाकले. "मला काय कळतंय त्यातलं, मालकाला विचारा." फॉर्ममध्येही 'कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय' असा रकाना होताच, त्यामुळे मुलगा 'उत्तर नाही' लिहून निघाला होता. तेवढ्यात गटातली एक मुलगी खाली बसली. तिची आई रोजाने रानात जाते, असं तिने मला आधी सांगितलं होतं. पॅड बाजूला ठेवून तिने विचारलं, "मावशी, रानात कामाला किती वाजता जाता हल्ली?"

"सहाला. अकराला घरी. पहिलं डबा घेऊन नऊला जायचो, पाचला माघारी. आता बाराच्या पुढं उभं राहवत नाही, डोळ्यापुढं अंधारी येते. पण रोज अर्धाच पडतो ना हातात."

उष्णतेच्या लाटेचा मजुरीवर काय परिणाम होतो, याचं याहून नेमकं उत्तर कुठे मिळणार? आणि ते अशा बाईंकडून आलं, ज्यांच्या नावापुढे एक मिनिटापूर्वी 'उत्तर नाही' लिहिलं गेलं होतं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सर्वेक्षणाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. तिला घरातून ठाऊक होतं की माणूस आपलं मत सांगताना बिचकतो, पण आपला दिवस कसा जातो हे मोकळेपणाने सांगतो.

मोठ्या, काटेकोर सर्वेक्षणांतही हेच निराळ्या रीतीने दिसतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा हवामान संवादावर काम करणारा गट भारतीयांच्या मनातला हवामान बदल मोजत आला आहे. 2011 च्या अखेरीस त्यांनी 4031 प्रौढांना विचारलं, तेव्हा जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला 'बरंच' माहीत आहे असं म्हणणारे होते 7 टक्के. 41 टक्के लोकांनी एक तर हे कधी ऐकलंच नव्हतं किंवा त्यांना सांगता येत नव्हतं. इथे थांबलं असतं तर आपल्या मुलांचाच निष्कर्ष निघाला असता. पण त्यांनी पुढे एक छोटीशी व्याख्या वाचून दाखवली: पृथ्वीचं सरासरी तापमान वाढत आलं आहे, पुढेही वाढू शकतं, आणि त्यामुळे हवामान बदलू शकतं. मग विचारलं, असं होतंय असं तुम्हाला वाटतं का? 72 टक्के लोक हो म्हणाले. दहा वर्षांनी, ऑक्टोबर 2021 ते जानेवारी 2022 या काळात सी-व्होटर या सर्वेक्षण संस्थेच्या मदतीने 4619 जणांना फोनवर हेच विचारलं गेलं. तेव्हाही 54 टक्के लोकांनी आपल्याला याची जेमतेम माहिती आहे किंवा आपण हे ऐकलेलंच नाही, असं सांगितलं. व्याख्या ऐकल्यावर मात्र 84 टक्के म्हणाले की हे घडतं आहे, आणि 74 टक्के म्हणाले की त्याचे परिणाम आम्ही स्वतः भोगले आहेत.

अनुभव आधीपासून होताच; त्याला वर्गात जे नाव आहे, ते तेवढं पोहोचलेलं नव्हतं. यावर कुणी म्हणेल की व्याख्या वाचून दाखवल्यावर हो म्हणणं सोपं असतं. ते खरं आहे. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणू नये, ही आपल्याकडची रीत. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून आलेली पोरं 'पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही, असे आपणास वाटते का?' असं विचारतात, तेव्हा उत्तर त्यांच्या प्रश्नातच असतं. म्हणून त्या 84 टक्क्यांकडेही थोडं जपून पाहावं. पण 'कधी पेरता', 'किती वाजता घरी येता' या प्रश्नांना कुणी विचारणाऱ्याच्या मर्जीखातर उत्तर देत नाही. प्रकल्पात असे प्रश्न वाढले पाहिजेत, असं मला वाटतं ते यासाठी.

कारणांच्या प्रश्नावर मात्र खरोखर घोळ आहे, आणि तो फक्त लोकांचा नाही. येलच्या त्याच दुसऱ्या सर्वेक्षणात 57 टक्के लोकांनी तापमानवाढ मुख्यतः माणसामुळे होते असं सांगितलं, 31 टक्के लोकांनी ती निसर्गाच्या चक्राचा भाग मानली. आपल्या प्रकल्पवह्यांत याच्या जोडीला ओझोन येतो. 'ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे तापमान वाढत आहे' हे वाक्य मी इतक्या वह्यांत पाहिलं आहे की ते कुठून येतं, हे मी शोधत गेले. अनुदान आयोगाच्या त्या अभ्यासक्रमात सहाव्या घटकात हवामान बदल, जागतिक तापमानवाढ, आम्लवर्षा, ओझोन थराचा ऱ्हास आणि अणुअपघात हे सगळे एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन मांडलेले आहेत. मुलं ते एकाच दमात पाठ करतात आणि मनात ते एकमेकांत मिसळून जातात. ओझोनचा प्रश्न मुख्यतः शीतकांतल्या आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या रसायनांचा होता. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ती रसायनं हटत गेली आणि तो थर आता हळूहळू भरतो आहे. तापमानवाढीचं मुख्य कारण वेगळं: कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. आपल्या घरातल्या पंख्याचा त्या कोळशाशी संबंध आहे, हे ज्या मुलाला कळलेलं नाही, तो दुसऱ्याला कारण काय विचारणार? आधी गटाने आपापसांत फॉर्म भरून पाहावा. प्राध्यापकांनीही भरावा.

दुसरा घोळ याच्या अगदी उलट आहे. सगळंच हवामान बदलाच्या खाती टाकलं की प्रकल्प सोपा होतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे साऱ्या देशाने पाहिलं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता हे खरं, पण त्याच भागात ऊस वाढत गेला होता आणि बोअर शेकडो फूट खोल चालले होते, हेही तितकंच खरं. गावात विचारलं तर लोक दोन्ही सांगतात. 'पाऊस कमी झाला आणि शेजाऱ्याने चार बोअर मारले' असं एकाच वाक्यात सांगतात. फॉर्मवर मात्र 'पाणीटंचाईचे कारण' म्हणून एकाच पर्यायाला खूण करायची असते. तिथे लोक नेमके असतात, प्रश्नावली ढोबळ असते.

आठवणींवर कितपत विश्वास ठेवायचा, हा यातला अवघड भाग आहे, आणि मला तो सर्वांत रंजक वाटतो. "आमच्या लहानपणी सात-सात दिवस झड लागायची" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. लहानपणीचा पाऊस सगळ्यांनाच मोठा आठवतो. शिवाय 1972 च्या दुष्काळासारखी जबरदस्त वर्षं मागचं-पुढचं झाकून टाकतात. पण हे तपासता येतं. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि देशभरातल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी आजही पुण्यातच सांभाळल्या जातात. 2017 पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरून पंचनामे होतात. हा आकडा शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. मुलांनी लोकांच्या तोंडचं एका रकान्यात लिहावं आणि त्याच मंडळातल्या पावसाची नोंद शेजारच्या रकान्यात.

कधी आठवण चुकेल. पण कित्येकदा ती जुळेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत गेला. बाजारात त्या दिवशी हेच आम्ही वेगळ्या शब्दांत तीन-चार जणांकडून ऐकलं होतं: येतो तेव्हा धुऊन नेतो, नाहीतर महिना-महिना तोंड दाखवत नाही. नक्षत्रांबद्दलही एक शंका हमखास निघते, की पंचांगच सरकलं असेल. पंचांग सरकतं, पण साधारण 70 वर्षांत एक दिवस. त्या म्हातारबांच्या बालपणीचा मृग आणि आजचा मृग यांत फार तर एका दिवसाचा फरक. त्यांचा मृग पंचांगाने हलवलेला नाही.

अशा नोंदींचं मोल लगेच कळत नाही, काही दशकांनी कळतं. आपल्याच मातीत याचं एक भक्कम उदाहरण आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी 1917 साली एका गावाचा बारकाईने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. गाव होतं पिंपळे सौदागर. शेताचे तुकडे, विहिरी, बैल, कर्ज, घरखर्च, सगळं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून नोंदवलं. 1771 मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा 40 एकर होती आणि 1914-15 मध्ये ती 7 एकरांवर आली, हे त्यांनीच दाखवलं. पुढे शेतीच्या तुकडीकरणावर बोलणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हे आकडे वापरले. 1921 मध्ये ना. वि. कानिटकरांबरोबर त्यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला, कोरडवाहू गाव म्हणून मुद्दाम निवडून. चाळीसहून अधिक वर्षांनी, 1960 मध्ये, डिस्कळकर या अभ्यासकांनी पिंपळे सौदागरची फेरपाहणी प्रसिद्ध केली. ती शक्य झाली, कारण मॅन यांनी कुणाला, काय आणि कसं विचारलं ते नीट लिहून ठेवलं होतं. आज त्या शिवारात उंच इमारती आणि संगणक कंपन्यांत जाणाऱ्या लोकांची घरं आहेत. विहिरी कुठे होत्या ते पुस्तकात सापडतं.

याच मॅन यांनी पुढे 1865 ते 1938 या काळातल्या दख्खनच्या पावसाचा आणि दुष्काळांचा अभ्यास लिहिला, हे मला फार सूचक वाटतं. गावातल्या माणसाचं ऐकणं आणि पर्जन्यमापकाचे आकडे वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं त्यांना वाटत नव्हतं. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी 1930 पासून पुण्याच्या गोखले संस्थेत वाई तालुक्यापासून पुणे शहरापर्यंत ज्या पाहण्या केल्या, त्याही याच परंपरेतल्या.

धनंजयरावांचे चिरंजीव, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 साठी नेमलेल्या 'परिसर आणि शिक्षण' या गटाचे अध्यक्ष होते. त्या वेळीच असं सुचवलं गेलं की विद्यार्थ्यांचे पर्यावरण प्रकल्प नीट आखावेत आणि त्यांतून मिळालेली माहिती सर्वांना पाहता येईल अशा संकेतस्थळावर ठेवावी, म्हणजे देशाच्या पर्यावरणाचा एक खुला, मोठा माहितीसाठा तयार होईल. आता याला वीस वर्षं झाली. प्रकल्प सुरूच आहेत; वह्या तपासल्या जातात, गुण भरले जातात, वर्षभर विभागाच्या कपाटात राहतात आणि मग रद्दीत जातात. या वीस वर्षांत 2014 ची गारपीट झाली, 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आला, 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, 2021 मध्ये चिपळूण बुडालं आणि तळीये दरडीखाली गेलं. यातल्या प्रत्येक घटनेनंतरच्या वर्षी जवळच्या कॉलेजातली मुलं प्रकल्प करतच होती. त्यांनी काय ऐकलं, हे आज आपल्याला कुठेही वाचता येत नाही. याचं मला मनापासून दुःख होतं.

पैसा लागतो म्हणून हे अडलेलं नाही. शंभर फॉर्ममागे, निवड निखळ योगायोगाने केली असली तरी, टक्केवारी दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते. वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलेल्या फॉर्ममधून तर फक्त त्या वर्गाचं मत कळतं. म्हणून टक्केवारीचा हट्ट सोडावा. शंभर खुणांपेक्षा वीस माणसं पुरेत, पण ती गल्लीतलं दर पाचवं घर मोजून निवडलेली असावीत. त्यांतल्या निम्म्या बायका असाव्यात आणि त्यांना त्यांच्याविषयीच विचारलेलं असावं. मजुरांकडे संध्याकाळी सातनंतर जावं, दुपारी घरात सापडतात त्यांच्यावर भागवू नये. प्रत्येकाला पाच-सहाच प्रश्न: यंदा पेरणी कधी केली, लग्न झालं त्या वर्षी कधी केली होती, कुठलं पीक सोडलं आणि का, विहिरीचं पाणी कुठल्या सणापर्यंत पुरतं, उन्हाळ्यात काम किती वाजता थांबवता, रात्री झोप लागते का. शहरात असेल तर पत्र्याच्या खोलीत दुपारी काय करता, रिक्षा किती वाजता लावता, पाणी तुंबलं तेव्हा किती रोज बुडाले. उत्तर माणसाच्या शब्दांत लिहावं. माणसाचं नाव लिहू नये. गाव, वय, काम आणि तारीख लिहावी.

मग ती वही ठेवायची कुठे? 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात हजारो ग्रंथालयं आहेत, तालुक्यालाही आणि खेड्यांतही. बहुतेकांत एखादं स्थानिक इतिहासाचं कपाट असतंच. प्रकल्पाची एक प्रत, विचारलेल्या प्रश्नांच्या यादीसकट, गावाचं नाव आणि साल पाठीवर घालून तिथे द्यावी, एवढा एक नियम महाविद्यालयाने केला तरी पुरे. पुढच्या वर्षीच्या गटाने आधी ती वही वाचायची, त्याच गल्लीत जायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल, गट पाडले जातील, विषय वाटले जातील. ज्यांच्या वाट्याला हा विषय येईल, त्यांच्या मार्गदर्शकांनी फॉर्म छापायला देण्याआधी सातवा प्रश्न काढून टाकावा आणि मुगाबद्दल विचारायला सांगावं.